रोज नव्याने सुरू होणारं यंत्र

काचीगुडा, हैदराबाद
फेब्रुवारी २०१०

प्रिय रेणुका,

आधी एक वाक्य वाच, मग चहा ठेवायचा असेल तर खुशाल ठेव. तुझ्या भावाने, चंपतने, आकडे बनवले नव्हते. एकही नाही. हे मी मैत्रीण म्हणून म्हणत नाही; तसं तर मी गेलं वर्षभर म्हणतेच आहे आणि तू "हो गं" म्हणून विषय बदलतेस. आता ते सिद्ध झालंय. आमच्या सरांनी मान्य केलं, चौकशी समितीने मान्य केलं, आणि ज्या परदेशी लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं त्यांनीही तसं कळवलं. काल दुपारी हे पक्कं झालं. घरी आल्यावर मी आत्याकडून दोनदा भात मागून घेतला आणि जेवता जेवता रडले. आत्याला वाटलं, वरणात मिरची जास्त पडली. बिचारी ताक घेऊन धावत आली.

आता तू म्हणशील, भागीरथा, झालं ना, सुटलो, मग एवढं जाडजूड पत्र कशाला? कारण मला तुला सगळं समजावून सांगायचं आहे. "कॉम्प्युटरचं काहीतरी चुकलं" एवढ्यावर तू वर्ष काढलंस, आता "कॉम्प्युटरचं काहीतरी सुधारलं" एवढ्यावर मी तुला सोडणार नाही. तू शाळेत इतिहास शिकवतेस म्हणून हे तुझ्या डोक्यावरून जाईल असं समजू नकोस. पोरांना निजामाच्या महसुलाची पद्धत समजावतेस, त्यापेक्षा हे सोपं आहे. आणि हे तुलाच का सांगते आहे, ते शेवटी लिहिते. तोवर मुकाट्याने वाच.

तुला आपण इंटरला आदिलाबादच्या कॉलेजात होतो तेव्हाची दिवाळीची सुट्टी आठवते? मी पहिल्यांदा तुमच्या इंद्रवेल्लीच्या घरी आले होते. तुझे वडील, म्हणजे सगळ्यांचे गुरुजी, तुझी आई आणि चंपत आपल्याला न्यायला आले होते. जाताना आपण डेपोतच बसमध्ये चढलो, बस अख्खी रिकामी, आपण पाचजण एका रांगेत ऐसपैस बसलो. कंडक्टर आला, तर गुरुजींनी नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "ही सगळी रांग आमची." झालं, पाच तिकिटं फाडून तो पुढे गेला. आणि परत येताना आठव! बस उटनूरहूनच गच्च भरून आलेली. तुझी आई ड्रायव्हरजवळ बॉनेटवर, गुरुजी पार मागे पिशवी पोटाशी धरून, तू कोंबड्यांची टोपली घेतलेल्या आजोबांशेजारी, चंपत दारात लोंबकळत, आणि मी दोन अनोळखी बायांच्या मध्ये चेंगरलेली. तुझी आई तिकडून सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडली होती, "भागीरथाबाई, तुमी तिकडं काऊन बसून राह्यल्या? इकडं या, माह्या मांडीवर बसा!" सगळी बस हसली. कंडक्टरने गुरुजींना विचारलं, पाच जण म्हणता, कुठे आहेत? गुरुजी एकेकाकडे बोट दाखवत होते आणि तो मान उंचावून शोधत होता. गुडीहत्नूर आलं तरी त्याचा हिशेब लागला नव्हता.

बस, एवढंच आहे. आता ऐक. कॉम्प्युटरमध्ये चालणारा प्रत्येक प्रोग्राम म्हणजे असं एक कुटुंब समज. त्याचा पसारा पानापानांचा असतो आणि ती पानं त्याला त्याच्या आपल्या क्रमाने माहीत असतात: माझं पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान. त्याला वाटतं, सगळी मेमरी आपलीच आहे. प्रत्यक्षात ती पानं मेमरीत कुठल्या जागेवर बसली आहेत, हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नसते. तो म्हणतो, तिसरं पान दे. मग प्रोसेसरला शोधावं लागतं की या कुटुंबाचा तिसरा माणूस कुठल्या सीटवर आहे. सगळ्यांची पूर्ण यादी असते, पण ती कंडक्टरच्या पिशवीत तळाशी असते, आणि एका कागदावर लिहिलेलं असतं दुसरा कागद बघा, दुसऱ्यावर तिसरा. त्यात वेळ जातो. म्हणून प्रोसेसर नुकतेच विचारलेले थोडे पत्ते तोंडपाठ ठेवतो. पाठ असलेलं विचारलं तर लगेच उत्तर, नाहीतर पुन्हा पिशवीत हात. पाठांतर मोठं करता येत नाही, कारण मोठं केलं की तेच हळू होतं.

तुझ्या भावाची कल्पना सोपी होती आणि मला ती ऐकताक्षणी आवडली. तो म्हणाला, कुटुंब जर सलग रांगेत बसलं असेल, तर प्रत्येकाची जागा वेगळी पाठ कशाला करायची? "ही सगळी रांग यांची" एवढी एकच नोंद ठेवू. म्हणजे तेवढ्याच पाठांतरात कितीतरी जास्त माणसं मावतील आणि पिशवीत हात घालायची वेळ क्वचित येईल. लॅबमध्ये फळ्यावर हे मांडताना त्याने शर्टाची बाही खडूने पांढरी करून घेतली होती. आम्ही दोघं मराठीत भांडत होतो आणि बाकीची तेलुगू पोरं आमच्याकडे बघत होती. त्यांना आमची जुन्या वळणाची नावं ऐकूनच मौज वाटायची. एकाने विचारलं होतं की तुमच्या जिल्ह्यात पोरं जन्मतःच म्हातारी असतात का. मी म्हटलं, हो, आणि दात पण घेऊनच येतात, दाखवू?

आता कल्पना सुचली म्हणून कोणी प्रोसेसर बनवून देत नाही. त्याला कारखाना लागतो. म्हणून आमच्याकडे सिम्युलेटर असतो. तो एक प्रोग्रामच, पण प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा. दुसरा प्रोग्राम त्याच्या आत चालवायचा, आणि तो प्रत्येक पावलाला घड्याळ लावून सांगतो की हे शोधायला इतका वेळ गेला, ते आणायला तितका. पत्ते शोधण्याचीही नक्कलच: खोटी यादी, खोटं पाठांतर, पिशवीत हात घालायला लागणारा खोटा वेळ. हा पत्त्यांचा भाग आमच्या लॅबसाठी चंपतने लिहिला. मी तो ओळीओळीने वाचला आहे, रेणुका. खरा प्रोसेसर जिथे थांबेल तिथे तो थांबत होता, जिथे चुकेल तिथे चुकत होता. स्वतःच्या कल्पनेला त्याने कुठेही सवलत दिली नव्हती.

पण बसमध्ये जागा कोण देणार? खऱ्या कॉम्प्युटरमध्ये ते काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. सिम्युलेटरमध्ये दोन रस्ते. एक म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच नकली प्रोसेसरवर चढवायची, जे आमच्या जुन्या यंत्रांवर म्हशीला जिना चढवण्याएवढं हळू होतं. दुसरा म्हणजे सिम्युलेटरनेच म्हणायचं, जागांचं मी बघतो. बहुतेक जण दुसरा रस्ता घेतात, आम्हीही घेतला. जागा देणारा तो छोटासा भाग मूळ सिम्युलेटरबरोबरच आलेला, चंपतने त्याला हातही लावला नव्हता. आणि तो भाग काय करायचा, तर आलेल्या पानाला पुढची जागा, त्याच्या पुढच्याला त्याच्या पुढची. त्याच्या बसमध्ये दुसरं कोणी नसायचंच. प्रत्येक प्रोग्राम आपला डेपोतून रिकाम्या बसमध्ये चढायचा आणि सगळं कुटुंब एका रांगेत बसायचं. एरवी कोण कुठे बसलं याने काही फरक पडत नाही, म्हणून जगात कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. चंपतच्या कल्पनेत मात्र सगळा फरक तिथेच पडत होता.

तू म्हणशील, मग त्याने खऱ्या यंत्रावर बघायला नको का? बघितलं की! तुझा भाऊ तुझ्यासारखाच संशयी आहे. त्याने एक लहानसा प्रोग्राम लिहिला, जो लॅबमधल्या खऱ्या यंत्रावर पानं कशी बसली आहेत ते दाखवायचा. तो त्याने सकाळी आल्या आल्या चालवला, एकदा नाही, कितीतरी सकाळी. पानं रांगेतच होती. सिम्युलेटर म्हणतो रांग, खरं यंत्रही म्हणतं रांग. याहून जास्त खात्री माणूस काय करणार? शोधनिबंध छापून आला, सरांनी लॅबमध्ये मैसूरपाक वाटला, आणि गुरुजींनी तुमच्या विहारात सगळ्यांना सांगितलं. कोणीतरी हारही आणला होता म्हणे. तो हार गळ्यात घालून घेताना चंपतचे कान कसे लाल झाले होते, त्याची नक्कल तूच मला फोनवर करून दाखवली होतीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण आमच्या बाजूने कसं घडलं ते माहीत नाही. परदेशातल्या एका गटाने कळवलं की आमच्या यंत्रांवर पानं अशी रांगेत बसतच नाहीत, तुम्ही दाखवलेला फायदा आम्हाला दिसत नाही. भाषा सभ्य होती, अर्थ मात्र सरळ होता. समिती बसली. चंपतने त्यांच्यासमोर सिम्युलेटर चालवला, आकडे तेच आले. तर एक जण म्हणाला, सिम्युलेटर तूच लिहिलास, तो तू म्हणशील तेच दाखवणार. कॅन्टीनमध्ये एकाने इंग्रजीत म्हटलं, राखीव सीटवर आलेल्यांना मोठं व्हायची घाई असते. चंपत पलीकडच्याच टेबलावर होता. मी माझा डबा इतक्या जोरात आपटला की झाकण त्या माणसाच्या पायाशी जाऊन पडलं, आणि मी त्याला म्हटलं, उचल. त्याने उचललं. पण चंपतने त्यानंतर कॅन्टीनला येणं सोडलं.

निकाल काही लागला नाही. त्याची संशोधनाची नोंदणी थांबवली, प्रकरण बाजूला ठेवलं, आणि सगळे हळूहळू असं वागू लागले की जणू लागलाच आहे. मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? तो स्वतःवरच संशय घ्यायला लागला. मला म्हणाला, "भागीरथा, इतकं बारीक काम केलं मी, झोपेत, थकव्यात कुठं काही मनासारखं वळवलं असंन तर?" मग एक दिवस तो बॅग भरून इंद्रवेल्लीला गेला. मला सांगून गेला नाही. आणि घरी काय झालं ते तू सांगितलंस: गुरुजींनी त्याला एकदाच विचारलं, "तू खोटं लिहिलं का?" आणि तो म्हणाला, "माहीत नाही." नाही म्हणाला असता तर गुरुजींनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. हो म्हणाला असता तर रागावून, दोन दिवस न जेवता का होईना, माफ केलं असतं. पण त्या "माहीत नाही"नंतर बापलेकांत जेवायला चल, दार लाव, याच्यापलीकडे बोलणं उरलं नाही. आमच्या लॅबचा सगळ्यात हुशार पोरगा उटनूरच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करत बसला. मला त्याचा रागही येत होता. एवढं वर्ष मी त्याच्यासाठी भांडत होते आणि तो एका फोनलाही उत्तर देत नव्हता.

आता डिसेंबरकडे येऊ. हैदराबादेत वेगळ्या राज्यासाठी बंद आणि मोर्चे सुरू झाले, कॉलेजला सुट्टी दिली, हॉस्टेलं रिकामी झाली. बाबांचा भैंशाहून रोज फोन, कॉलेजचं मग बघू, तू घरी ये. पण बसच नव्हत्या, येणार कशी? मी काचीगुड्याला आत्याकडेच राहिले. आत्या दिवसभर टीव्ही लावून कोण काय बोललं यावर स्वतःच भाषणं द्यायची. मला ते सहन होईना, म्हणून मी चालत लॅबला जायला लागले. किल्ली माझ्याकडे होतीच. लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं, आणि यादगिरीही नव्हता.

यादगिरी कोण ते सांगते. तो आमचा लॅब अटेंडंट. रोज संध्याकाळी तो खोल्याखोल्यांतून फिरतो आणि मेन स्विच खाली ओढतो. पूर्वी कधीतरी वायर जळून आग लागली होती, तेव्हापासूनचा हा नियम. आणि आपल्याला त्यात काही वेगळं वाटतही नाही, कारण आपण त्याच वळणाचे. खोलीतून बाहेर पडलं की दिवा बंद, पंखा बंद, नाही केला तर तुझी आई म्हणते तसं, "करंट फुकट येऊन राह्यला का?" आमच्या लॅबमधलं कुठलंही यंत्र एका दिवसाच्या वर कधी जगलंच नव्हतं. या वेळी यादगिरी बंदमुळे त्याच्या गावी अडकला होता. मी एकटी, माझी चाचणी लांबलचक, म्हणून मी यंत्र चालूच ठेवून घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. असं कितीतरी दिवस चाललं. त्याच यंत्रावर मी इतरही नाना उद्योग केले, हा प्रोग्राम, तो प्रोग्राम, कंटाळा आला की गाणी.

एका दुपारी डबा खाता खाता मला तुझ्या भावाची फार आठवण आली. त्याचा फोटो माझ्याकडे नाही. त्याचा तो लहानसा प्रोग्राम तेवढा होता, सुरू झाला की पडद्यावर "नमस्कार गुरुजी" असं लिहिणारा. म्हणून मी तो चालवला. दुसरं काही कारण नव्हतं. आणि पानं विखुरलेली निघाली. एक इथे, एक तिथे, रांगेचा पत्ता नाही. परदेशी लोक म्हणत होते तसंच, अगदी तसंच. हातातला घास डब्यात ठेवला. वर्षभर ज्याच्यासाठी भांडले तो खरंच खोटं बोलला होता की काय, असं त्या वेळी माझ्या मनात आलं. लपवत नाही तुझ्यापासून.

यंत्र फार मंद झालं होतं, म्हणून मी ते बंद करून पुन्हा सुरू केलं. तेही विचार करून नाही, चिडून. आणि पुन्हा तोच प्रोग्राम चालवला. पानं सुतासारखी सरळ रांगेत! मी खुर्चीतून उठले आणि त्या रिकाम्या लॅबमध्ये मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. कळलं ना तुला? नुकतं सुरू झालेलं यंत्र म्हणजे डेपोतली बस. दिवसेंदिवस चालू असलेलं यंत्र म्हणजे उटनूरहून भरून आलेली बस. माणसं चढतात, उतरतात, जिथे एखादी सीट रिकामी होते तिथे कोणीतरी बसतं, आणि नव्या कुटुंबाची पांगापांग होते. चंपतचा सिम्युलेटर नेहमी डेपोत उभा होता, आणि यादगिरीच्या कृपेने आमचं खरं यंत्रही रोज सकाळी डेपोतच असायचं. दोघांनी एकमेकांची साक्ष काढली आणि दोघंही खरंच बोलत होते. तिकडे परदेशातली यंत्रं महिनोन्महिने कोणी बंदच करत नाही. दिवा मालवून खोलीबाहेर पडायची सवय त्यांना नाही आणि न मालवायची आपल्याला नाही, यावरून एका माणसाला खोटं ठरवलं गेलं.

मग मी घाई केली नाही. कधी नव्हे ते. सिम्युलेटरच्या जागा देणाऱ्या भागात मी आधी बस परक्या लोकांनी भरली, मग त्यातले काही वाटेल तिथून उतरवले, आणि मग चंपतच्या कुटुंबाला चढवलं. त्याच्या पत्त्यांच्या भागाला बोटही लावलं नाही. आकडे आले ते त्या परदेशी गटाचे. बस रिकामी ठेवली की चंपतचे. संक्रांतीनंतर कॉलेज उघडल्यावर सरांना दाखवलं. सर म्हणाले, हे आपल्यापैकी कोणालाच सुचलं नाही. त्यांनी त्या गटाला लिहिलं की तुमचं एखादं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा आणि लगेच मोजा. आठवडाभर उत्तर नाही. त्या आठवड्यात माझी नखं संपली. मग काल उत्तर आलं: आमचे सुरुवातीचे आकडे तुमच्या विद्यार्थ्याच्या आकड्यांशी जुळतात, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही, आम्ही दिलगीर आहोत. समितीच्या लोकांनी ते वाचलं आणि प्रकरण मिटवलं. यादगिरीला कोणीतरी काहीतरी अर्धवट सांगितलं, तर तो घाबरून माझ्याकडे आला, "मैं गलती करा क्या अम्मा?" मी त्याला इराणी हॉटेलात नेऊन चहा पाजला आणि म्हटलं, तुमने न ओढलेल्या स्विचमुळेच तर सगळं कळलं. माझं हिंदी ऐकून तो आणखीच गोंधळला.

हायसं वाटणं म्हणजे काय असतं ते मला काल समजलं. पाठीवरचं काहीतरी उतरलं आहे आणि अजून चालताना वाकायची सवय गेलेली नाही, असं झालंय. आज सकाळी मी उगाचच सुलतान बाजारपर्यंत चालत गेले, बांगड्या बघितल्या, घेतल्या नाहीत, परत आले. आत्या म्हणाली, तुझा चेहरा बघून वाटतं की स्थळ आलं. मी हसले. रेणुका, तुला तर केव्हाच कळलं असेल, तरी लिहून टाकते: तुझा भाऊ मला आवडतो. वाद घालायला, काम करायला आणि बाकी सगळ्यालाही. आमच्या घरी याचं काय होईल ते मला माहीत आहे. बाबा दुकानाच्या गल्ल्यावर बसून महिनाभर कोणाशी बोलणार नाहीत. ते मी बघेन, तो माझा प्रश्न. तुझ्या भावाला मात्र यातलं काही आत्ता सांगू नकोस. आधी त्याला ताठ उभं राहू दे.

सर म्हणतात, त्याने परत यावं. कल्पना मेलेली नाही. जुन्या, भरलेल्या यंत्रातही कुटुंबाला रांगेत कसं बसवता येईल, हा आता नवा आणि आधीपेक्षा चांगला प्रश्न झाला आहे, आणि तो चंपतशिवाय कोणी सोडवू नये असं त्यांचं मत आहे. माझंही आहे. पण हे सगळं मी त्याला सांगणार कशी? काल संध्याकाळपासून फोन लावते आहे, तो उचलत नाही. माझी आधीची पत्रं न फोडता कपाटावर ठेवतो, हे तूच सांगितलंस.

आणि आता तुला का लिहिलं ते. मागच्या आठवड्यात आपण फोनवर बोललो तेव्हा तू तुझ्या बदलीचं, भाजीच्या भावाचं सांगत होतीस आणि मध्येच सहज म्हणालीस की रविवारी घरी सगळे वंदनेला बसता, तेव्हा चंपत पहिली तीन शीलं म्हणतो, चौथ्याला गप्प होतो आणि पाचव्याला पुन्हा आवाज लावतो. गुरुजींना ते ऐकू येतं. तू लगेच कांद्याच्या भावावर गेलीस, पण मला पुढचं काही ऐकू आलं नाही. आमच्या घरात ही शीलं नाहीत, पण तुमच्या घरी सुट्टीत बसून मी ऐकली आहेत आणि चौथं कुठलं ते मला माहीत आहे. खोटं न बोलण्याचं. वर्षभर आपण खोटे आहोत की नाही हे माहीत नसलेला माणूस खोटं म्हणायचं नाही म्हणून तेवढं एक सोडून देतो. रेणुका, असा माणूस आकडे बनवेल का गं? म्हणून हे पत्र त्याच्या हातात देऊ नकोस. येत्या रविवारी वंदनेच्या आधी गुरुजींना मोठ्याने वाचून दाखव, बसचं, यादगिरीचं, सगळं. मी वर जे नको म्हटलंय तेवढं गाळ. तो तिथेच बसलेला असेल, त्याला ऐकू दे. मग वंदना सुरू करताना मला फोन लाव आणि फोन तसाच मांडीवर ठेव. काही बोलू नकोस. मला फक्त चौथ्याला तुम्हा चौघांचाही आवाज ऐकायचा आहे.

तुझीच,
भागीरथा